पलटण, पोस्ट आणि पंढरी

माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी. बाबा आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी चाकरी केलेले शिपाईगडी. १८३२ च्या सुमारास त्यांनी आळंदीहून हा सोहळा सुरू केला, तेव्हा फौजेत पाहिलेली सगळी रीत त्यात आणली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आले, तंबू आले. रथापुढच्या २७ दिंड्या आणि रथामागच्या, प्रत्येकीला आपला क्रमांक, आपली जागा. कुणी कुणाच्या पुढं घुसायचं नाही.

समाजआरती ज्यानं पाहिली असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. चोपदारानं दंड वर केला की लाखाचा समाज चिडीचूप होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, मगच आरती. काय हरवलं, काय सापडलं तेही तिथंच पुकारतात. आमचे नाना हे पाहून म्हणायचे, "ही तर आमची संध्याकाळची गिनती!"

या शताब्दीच्या पुस्तकात दिंडीचालकांवर, वीणेकऱ्यांवर, पखवाज्यांवर लेख आहेतच. नानांच्या हातात वीणा कधी आली नाही. टाळ असे, पण तोही एक घाव मागं पडायचा, आणि शेजारचा टाळकरी कोपरानं ढोसायचा. तरीही दिंडीच्या शंभर वर्षांतल्या शेवटच्या चाळीसेक वर्षांचा इतिहास आम्हांला लिहिता आला तो त्यांच्यामुळं. त्यांनी ठेवलेल्या वह्या नसत्या तर आमच्या हाती नुसत्या ऐकीव गोष्टी उरल्या असत्या. त्यांचं पूर्ण नाव इथं छापत नाही. "पुस्तक काढाल तेव्हा माझा फोटो नको आणि नाव नको," असं त्यांनी घरी आणि दिंडीत सांगून ठेवलं होतं. ते आम्ही पाळतो. आपल्या लोकांना नाना म्हटलं की कळतं.

नाना साठीच्या दशकात फौजेत भरती झाले. आपल्या खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यात पोराला मिसरूड फुटलं की दोनच वाटा दिसायच्या, मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढं तर 'मिलिटरी' असंच लागतं. बेळगावच्या सेंटरमध्ये शिक्षण घेऊन नाना मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत गेले. ही पलटण १७६८ साली उभी राहिलेली, तिला जंगी पलटण म्हणतात. चार बुकं शिकलेले आणि अक्षर मोत्यासारखं, म्हणून तिथं त्यांच्याकडं शिपाईगिरीबरोबर डाक आणायचं काम आलं. फौजेच्या टपाल कचेरीतून थैली आणायची आणि कंपनीकंपनीत वाटायची. फौजेच्या पत्त्यात गाव नसतं हे पुष्कळांना माहीत नसेल. माणसाचा नंबर, नाव, पलटण आणि खाली ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, एवढंच. पलटण कुठंही असो, पत्र बरोबर जातं.

१९७१ च्या लढाईबद्दल ते फार बोलत नसत. पोरं मागं लागायची, "नाना, किती मारले?" नाना उठून ट्रकच्या दोऱ्या तपासायला जायचे. एक गोष्ट मात्र प्रत्येक वारीत एकदा तरी सांगत, ती जमालपूरची.

डिसेंबर १९७१ मध्ये जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला गेली आणि शत्रूची ढाक्याकडं जायची वाट अडवून बसली. पलटणीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. जमालपुरात ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण होती. आपले ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी ९ डिसेंबरला बलुचांच्या कर्नल सुलतान अहमदना पत्र लिहिलं की वेढा पडला आहे, शरण या, माणसं वाचतील. ते न्यायचं कुणी? मुक्तिबाहिनीतले जहुरुल हक मुन्शी ते घेऊन शत्रूच्या ठाण्यात गेले. तिथं त्यांना मारहाण झाली, पण ते उत्तर घेऊन जिवंत परत आले. उत्तराच्या कागदात बंदुकीची एक गोळी होती, आणि लेखणी सोडून स्टेनगन घेऊन भेटायला या अशा अर्थाचा मजकूर. मग १० च्या रात्री शत्रूनं वाट फोडायचा प्रयत्न केला. मराठ्यांनी ती फुटू दिली नाही. ११ ला जमालपूर पडलं आणि १६ ला ढाका. 'जमालपूर' हा रणसन्मान पलटणीला त्याचाच.

लढाईचा भाग नाना दोन वाक्यांत संपवायचे आणि परत मुन्शींवर यायचे. "बघा, पत्र कुणाच्या हातात द्यायचं ते ठरलेलं. वाटेत मरण. तरी गडी गेला, ज्याच्या नावाचं त्यालाच दिलं, आणि पोहोच घेऊन आला. मला नंतर जिल्ह्याच्या पोस्टात बटवडा शिकवला, पण खरा बटवडा मी तिथं बघितला." मुन्शींना पुढं बांगलादेशानं बीर प्रतीक हा किताब दिला, हेही ते आवर्जून सांगत.

या गोष्टीच्या मागं आणखी एक होती. ती त्यांनी फार थोड्यांना सांगितली. लढाई थांबल्यावर थैली आली. तीत जे गेले त्यांचीही पत्रं होती. गावाकडं कळायच्या आधी टाकलेली, पोरगं रांगायला लागलं, विहिरीला पाणी आहे, असली. ती वेगळी काढून परत पाठवायची होती. नाना म्हणाले होते, "पाकिटावर कारण लिहावं लागतं. माझा हात त्या दिवशी चालंना." याहून जास्त ते बोलले नाहीत, आम्हीही इथं जास्त लिहीत नाही.

पेन्शनीवर आल्यावर त्यांना पोस्टात नोकरी लागली. माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारी नोकरीत राखीव जागा असतात, १९७९ च्या नियमांनी ते पक्कं केलं. खाकी उतरवली आणि खाकीच घातली, असं ते हसून सांगत. आपलं गाव, पलीकडची वाडी आणि ओढ्यापासचं वडार गल्लीचं टोक ही त्यांची बीट. सकाळी थैली फुटली, शिक्के पडले, पत्रं लावून झाली की सायकल बाहेर. निम्म्या घरांत वाचणारं कुणी नसे. मग उंबऱ्यावर बसून पत्र वाचून दाखवायचं, आणि तिथंच कार्डावर उत्तर लिहून घ्यायचं. त्या काळी गावात तार म्हणजे मयत. नाना तार कधी दारातून हातात देत नसत. आधी शेजारणीला बोलवून आणायचे, चपला काढून घरात बसायचे, पाणी मागायचे, आणि मग सांगायचे. त्यांना चपला काढताना पाहिलं की बाई समजून जायची. ती तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंदच झाली. तोवर नाना केव्हाच निवृत्त होते.

गावाचं दुखणं पोस्टमनला सगळ्यांच्या आधी कळतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यात आपल्या भागातली किती घरं! पेपरात बातम्या येत होत्याच, पण नाना ते मनीऑर्डरींवर मोजत होते. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास फुगणारी त्यांची कमरेची पिशवी तीन-चार महिन्यांत चपटी झाली. म्हाताऱ्या ओसरीवर बसून राहायच्या. "आमची आली का रं?" नाना सायकलवरून न उतरता मान हलवत पुढं जायचे, कारण उतरलं की बोलावं लागायचं.

त्या वर्षी दिंडीची भिशी कोण भरणार, हा प्रश्न पडला. ज्यांचं पोरगं गिरणीत, त्यांनी वारी चुकवायची तयारी केली होती. त्या वर्षी नाना दिंडीत नवेच होते आणि त्यांचं अजून काही चालत नव्हतं. तरी त्यांनी बैठकीत एवढंच सांगितलं, की फौजेत उधारीला 'बाकी' म्हणतात, 'नाही' म्हणत नाहीत. भिशीच्या हिशेबात तेव्हापासून 'बाकी' असा रकाना आला. त्या रकान्यातल्या काही रकमा पुढं कित्येक वर्षांनी जमा झालेल्या दिसतात. काहींपुढं फक्त रेघ आहे. संपानंतर गिरणीत परत न घेतलेल्या माणसांची ती घरं.

नाना दिंडीत आले कसे, हेही लिहायला हवं, कारण त्यावरून तेव्हा बराच वाद झाला होता. त्यांना माळ घालायची होती. काही जुन्या मंडळींनी हरकत घेतली. फौजेतला माणूस, मटण खाल्लेलं, रम प्यालेली, सोडलं म्हणतोय पण सुटणार आहे का? यावर नाना गप्प राहिले. मग त्यांनी स्वतःच जी गोष्ट कुणी काढली नव्हती ती काढली. "मटणाचं सोडा. ते सोडलं. माझ्या हातनं माणसं मेलीत. ह्या हातानं माळ घालू का नको, एवढं सांगा."

कुणी बोलेना. तेव्हाचे दिंडीचालक वयानं ऐंशीच्या घरात होते. ते म्हणाले, "आळंदीत आत जाताना आपण महाद्वारात कुणाच्या पायरीवर डोकं टेकवतो? हैबतबाबांच्या. बाबा कोण होते? शिपाई. मग हा इचार माउलीनं कवाच केलाय, आपण नव्यानं कशाला करायचा?" आणि नानांना म्हणाले, "यंदा बिनमाळेची वारी कर. सगळ्यांच्या मागनं चाल. जो मागं राहील त्याला घेऊन ये. पंढरीत बघू." नाना त्या वर्षी आळंदीपासून वाखरीपर्यंत दिंडीच्या शेपटाला चालले. दशमीला चंद्रभागेच्या वाळवंटात त्यांच्या गळ्यात माळ पडली. मागं चालायचं मात्र त्यांनी नंतरही सोडलं नाही.

मागं चालणाऱ्याला कोण हरवतं ते दिसतं. हरवतात त्या म्हाताऱ्या. दर वर्षी एखादी दुसऱ्याच दिंडीत मिसळायची, आणि विचारलं तर सांगायची, "धोंड्याची आय." गाव? "वाडी." कुठली वाडी? तर "आमची." पोस्टमनच्या डोक्यानं पाहिलं तर हे पत्र पोचणार कसं?

आमच्याकडं दिंडीच्या जुन्या काळची एक नोंदवही आहे, कडा उंदरांनी खाल्लेली. तीत पुरुषांची नावं बापाच्या नावासकट आहेत, बैलांचे रंग आहेत, कुणी किती पायली जोंधळा दिला तेही आहे. बायकांबद्दल सगळीकडं एकच शब्द, 'सोबत बायामाणसे'. आपल्या दिंडीत बायका पहिल्यापासून चालतात, तुळस आणि हंडा त्यांच्याच डोक्यावर. पण पहिल्या निम्म्या शतकात चाललेल्या एकाही बाईचं नाव आज आम्ही सांगू शकत नाही. दुसऱ्या दिंड्यांच्या वह्या याहून फार वेगळ्या असतील असं वाटत नाही.

नानांनी दोनशे पानी नवी वही आणली आणि आळंदीच्या मुक्कामावर पालात बसून एकेकीला बोलवायला सुरुवात केली. तिथं उभ्या असलेल्या बायका अजून ते सांगून हसतात.

"नाव काय आक्का?"

"लिव्हा की, धोंड्याची आय."

"धोंड्या घरी हाय. हरवलीस तर तू हरवशील. तुजं नाव सांग."

नवऱ्याचं नाव घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. मग शेजारणीनं सांगायचं, नाहीतर उखाणा घ्यायचा. एका आजीनं विचारलं, माहेरचं नाव लिहू का सासरचं, लग्नात बदललंय. नाना म्हणाले, "गर्दीत ज्या नावानं हाक मारली तर मागं बघशील, ते लिहू." आजींनी माहेरचं सांगितलं. वहीत तेच आहे.

वहीतलं पहिलं नाव मात्र आधीच लिहून ठेवलेलं होतं. लढाईत नवरा गेलेल्या एका बाईंचं. त्यांची पेन्शन मनीऑर्डरीनं यायची आणि वर्षानुवर्षं सासऱ्यांच्या हातात पडायची. नाना बीटवर आल्यावर त्यांनी ती बंद केली. मनीऑर्डर ज्याच्या नावची त्याच्याच हातात, त्याच्याच सहीनं किंवा अंगठ्यानं. नियम आधीपासून तोच होता, पाळत कुणी नव्हतं. सासरे दिंडीतलंच वजनदार माणूस. तक्रार झाली, पोस्टमास्तरांपर्यंत गेली, दिंडीत दोन वर्षं अबोला राहिला. नाना दर महिन्याला जायचे, सासऱ्यांना रामकृष्ण हरी म्हणायचे, आणि पैसे बाईंच्या हातात मोजून द्यायचे. पुढं त्या बाईंनी सही शिकून घेतली. आपल्या दिंडीची स्वयंपाकाची सगळी मांडणी त्यांनी कित्येक वर्षं पाहिली. त्याच सासऱ्यांना शेवटच्या आजारपणात त्यांनीच सांभाळलं, हेही नोंदवून ठेवतो.

वही झाली, मग चिठ्ठ्या आल्या. जाड पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर नाव, मु., पो., ता., जि. आणि पिनकोड, वरून प्लास्टिक, आणि दोऱ्यानं गळ्यात. फौजेत ओळखीचा बिल्ला गळ्यात असतो, त्यावरून हे सुचलं. काही जणांनी नाक मुरडलं, की माळेशेजारी हे काय लोढणं? पण एका वर्षी आपली एक आजी पंढरपुरातून चुकून भलत्याच गाडीत बसली आणि पार मराठवाड्यात पोचली. आठवड्यानं घरी पोस्टकार्ड आलं, की तुमची म्हातारी आमच्याकडं सुखरूप आहे, पुरणपोळी खाऊन गेल्याशिवाय सोडणार नाही. कार्ड नानांनीच बटवड्यात वाटलं. लोढणं हा शब्द त्यानंतर ऐकू आला नाही.

पिनकोडचा त्यांना भारी षोक. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिनकोड सुरू झाला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, वर संस्कृतचे पंडित, हे नाना अभिमानानं सांगायचे. वारीची वाट त्यांना आकड्यांत पाठ होती. आळंदी ४१२१०५, सासवड ४१२३०१, जेजुरी ४१२३०३. नीरा ओलांडून माउलींचं स्नान झालं की ४१५ सुरू, लोणंद ४१५५२१, फलटण ४१५५२३. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागला की ४१३, मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर, आणि शेवटी पंढरपूर ४१३३०४. पोरं हरिपाठ झाल्यावर त्यांच्याकडून हे म्हणवून घ्यायची. मोबाइल येण्याआधी या पाठांतराचा उपयोगही होता. घरच्यांनी कोणत्या तारखेला कुठल्या गावच्या पोस्टमास्तरांच्या नावे दिंडीसाठी पत्र टाकायचं, याचा तक्ता नाना निघण्याआधी घरोघर देऊन यायचे. मुक्कामाला पोचलं की पाय धुवायच्या आधी ते पोस्टात. संध्याकाळी पंगतीत पत्रं वाटायची. सुनेला मुलगा झाला, पाऊस पडला, पेरा झाला, म्हैस व्याली. पेरणी झाल्याचं कळलं की म्हाताऱ्यांची पावलं दुसऱ्या दिवशी हलकी पडत. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

मुंबईकरांची भिशी मनीऑर्डरीनं यायची. फॉर्मच्या खाली निरोपाला बोटभर जागा असते. ती फाडलेली चिटोरं नानांनी वहीत खळीनं चिकटवून ठेवली आहेत. 'यंदा सुटी नाही, माझ्या नावानं एक फुगडी घाला.' 'आईचे गुडघे दुखतात, ट्रकमध्ये बसवा, ऐकणार नाही.' 'बाकी पुढच्या वर्षी.' २०१५ साली पोस्टानं ती जुनी मनीऑर्डर बंद केली. आता भिशी फोनवरून जमा होते, लगेच होते, पण सोबत निरोप येत नाही.

शेवटच्या वर्षांत नानांना चालवेना. गुडघे गेले होते, छातीत दम नव्हता. मुलगा त्यांना गाडीनं लोणंदच्या मुक्कामावर आणायचा. तंबूच्या दाराशी खुर्ची, मांडीवर वही. नव्या लोकांची नावं लिहून घ्यायचे, आणि जे वर्षभरात गेले त्यांच्या नावापुढं तारीख. गेलेल्यांच्या पुढं ते 'मयत' लिहीत नसत. पोस्टात माणसाचा मुक्काम बदलला की पाकिटावर जसं लिहितात तसं लिहीत, 'पत्ता बदलला'. ते स्वतः गेले तेव्हा वही त्यांच्या नातीकडं आली होती. तिनं आजोबांच्या नावापुढं तेच दोन शब्द लिहिले आणि खाली तारीख घातली. नात आता दिंडीची नोंद ठेवते, मोबाइलवरही आणि वहीतही. मागं चालायचं कामही तिच्याकडंच आहे.

सगळ्या वह्या दिंडीच्या मठात लोखंडी पेटीत ठेवल्या आहेत. आपल्या आजीचं, पणजीचं नाव कुणाला पाहायचं असेल तर एकादशीला हरिपाठानंतर पेटी उघडी असते. नानांच्या वह्यांच्या आधीच्या काळात चाललेल्या बायकांची नावं घरात कुणाला ठाऊक असतील, तर ती पूर्ण पत्त्यासह आणून द्यावीत. त्यांच्यासाठी पहिल्या वहीच्या सुरुवातीची काही पानं नानांनी कोरी सोडलेली आहेत.